सकाळी सातचा अंगठा

"ताई, अंगठा कंपनीतच राहिला बघा आमचा," असं म्हणून काकांनी उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. मी चौथ्यांदा त्यांचा अंगठा मशीनवर दाबला होता आणि चौथ्यांदा स्क्रीनवर लाल अक्षरं आली होती. ओल्या फडक्याने बोट पुसून झालं, थेंबभर खोबरेल लावून झालं, दोन्ही अंगठे झाले, अंगठ्याशेजारची दोन्ही बोटं झाली. शेवटी मी त्यांचा हात हातात घेऊन उजेडात धरला. पेरांवरच्या रेषाच गेल्या होत्या. वापरून वापरून साबणाची वडी होते, तसा तो अंगठा गुळगुळीत झालेला. नखाच्या कडेला मात्र काळी बारीक रेघ होती, रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी न निघालेली. एकतीस वर्षं लेथवर उभं राहायचं, दिवसभर हात कूलंटमध्ये, अडकलेली धातूची चीप घाईत बोटांनीच ओढायची. तिथे रेषा कशा टिकणार?

ही २०१८ सालची गोष्ट. रुपीनगरकडून तळवडे गावठाणाकडे येणाऱ्या रस्त्यावर माझं ई-सेवा केंद्र आहे, दहा बाय बाराचा गाळा. उत्पन्नाचे दाखले, पॅन, आधार, लाइटबिल, शाळांचे फॉर्म आणि पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले ही माझी रोजची कामं. २०१४ च्या नोव्हेंबरात जीवन प्रमाण सुरू झालं आणि हयातीचा दाखला बोटाच्या ठशावर निघायला लागला. ठसा जुळला की प्रमाण आयडी येतो आणि वर्षभर पेन्शन चालू राहते. ठसा जुळला नाही तर पुन्हा खेटे.

मी म्हटलं, "काका, उद्या सकाळी या, अंघोळ झाल्या झाल्या." ते उठले नाहीत. खिशातून मोबाइल काढला, बटण दाबून धरलं आणि त्यात बोलले, "टर्नर लाइनच्या कुणाचं बोट लागलं का रे मशीनला? लागलं असंल तर काय केलं ते सांगा." पाच मिनिटांत सात उत्तरं आली, सगळी आवाजातली. कुणी म्हणे रात्री व्हॅसलीन चोळून झोप. एक खर्जातला आवाज म्हणाला, "डाव्या हाताचं, अंगठीचं बोट लाव. आपल्या कामाला ते सगळ्यात कमी लागतं." मी ते बोट लावलं. दुसऱ्या प्रयत्नात हिरवी खूण आली.

त्या दिवसानंतर रेषा झिजलेला हात समोर आला की मी आधी डावी अनामिका घेते. ही युक्ती मला कुठल्या प्रशिक्षणात मिळाली नाही. ती काकांच्या कंपनीतल्या रिटायर सोबत्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपकडून मिळाली, आणि पुढच्या वर्षी त्यांनी मलाही ग्रुपात घेतलं. ग्रुपच्या नावात त्यांच्या जुन्या कंपनीचं नाव आहे, म्हणून ते इथे देत नाही.

बाहेरचा माणूस तळवड्यात येतो तो आयटी पार्कसाठी. पण त्या काचेच्या इमारतींच्या अलीकडे रुपीनगर आहे, त्रिवेणीनगर आहे. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतरची वीस-पंचवीस वर्षं लातूर, उस्मानाबाद, बीड, सोलापूर, नगर, जळगावकडची माणसं भोसरी-चिंचवड-आकुर्डीच्या कारखान्यांत आली. तिकडे जागा परवडेना, तेव्हा त्यांनी इकडे अर्धा-एक गुंठा घेऊन पत्र्याच्या खोल्या टाकल्या. तळवडे तेव्हा ग्रामपंचायतीत होतं, महापालिकेत आलं १९९७ साली. देहूरोडच्या दारूगोळा कोठारामुळे या पट्ट्यातला बराच भाग रेड झोनमध्ये, म्हणजे बांधकामबंदीच्या हद्दीत येतो. घरावर कर्ज मिळत नाही, विकायला काढलं तर भाव येत नाही. त्यामुळे पत्र्याच्या खोल्यांचे दुमजली घर करून लोक तिथेच राहिले. मुलं वाकड-हिंजवडीकडे फ्लॅट घेऊन गेली, वरच्या खोल्या वर्कशॉपच्या पोरांना भाड्याने गेल्या आणि खाली सत्तरीची दोन माणसं उरली. कुठे एकच. काही जण तर रिटायर झाल्यावर गावी परतले. तीस वर्षं एका शेडमध्ये शेजारी शेजारी उभी राहिलेली माणसं आज उदगीरपासून चाळीसगावपर्यंत पांगलेली आहेत.

कंपनीच्या स्टोअरमधल्या एका काकांनी २०१६ मध्ये जुन्या डायरीतले चाळीस नंबर घेऊन ग्रुप केला. पुढे कळलं तसे लोक येत गेले. तेव्हा एका ग्रुपात २५६ माणसंच बसत. ग्रुप भरला तेव्हा दुसरा काढला आणि त्याला सगळे सेकंड शिफ्ट म्हणू लागले. नंतर मर्यादा वाढली, पण दोन्ही एक केले नाहीत. ज्याला ज्या शिफ्टची सवय, तो तिथेच राहिला.

सुरुवातीला मलाही वाटायचं की फुलांचे फोटो, सुविचार आणि औषधांचे उपाय यापलीकडे तिथे काय असणार. लॉकडाउनमध्ये माझं मत बदललं. एप्रिल २०२० मध्ये ग्रुपातले एक काका घरातच वारले आणि दोन दिवस कुणाला कळलं नाही. मुलगा परदेशात, भाडेकरू गावी पळालेले. तीस वर्षं ज्यांच्यासोबत कँटीनमध्ये जेवलो, ते आपल्या घरापासून चार गल्ल्यांवर असे गेले, हे लोकांच्या मनाला फार लागलं. स्टोअरवाल्या काकांचा त्या रात्रीचा व्हॉइस मेसेज मी अजून ठेवला आहे. ते म्हणाले, "फर्स्ट शिफ्टला सातला पंच नाही पडला तर सव्वासातला सुपरवायझर विचारायचा, हा कुठं आहे. मग आता का नाही विचारायचं?"

दुसऱ्या दिवसापासून एकटं राहणाऱ्या प्रत्येकाने सकाळी सातला ग्रुपवर अंगठ्याचं चिन्ह टाकायचं ठरलं. आधी अकरा जण होते, आज तेवीस आहेत. प्रत्येकाला चालत जाण्याच्या अंतरावरचा एक रिलिव्हर नेमून दिलेला. कारखान्यात काम केलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. तुमची शिफ्ट संपली तरी रिलिव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, हा तिथला पहिला नियम. नऊपर्यंत अंगठा आला नाही तर रिलिव्हर फोन करतो. फोन उचलला नाही तर निघतो. घराची जादा किल्ली त्याच्याकडे असते. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही तेही अंगठा टाकतात. आयुष्यभर पगारपत्रकावर अंगठा उठवायला संकोचणारे एक हेल्पर काका आता रोज पहिला अंगठा माझा पाहिजे म्हणून पावणेसातलाच हजर असतात.

गावी गेलेल्यांना मात्र हे जाळं नीट पुरलं नाही. उदगीर तालुक्यात एकाच्या वाडीवर रेंज नव्हती. तो गेल्याचं ग्रुपला तिसऱ्या दिवशी कळलं. त्यावर काही उपाय निघाला नाही, अजूनही नाही.

२०२१ च्या मार्चमध्ये साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली. नोंदणीचा ओटीपी, मग तारीख, मग केंद्र. एका मोबाइल नंबरवर चार जणांची नोंद होत होती. ज्याचा फोन चांगला त्याने तीन जण वाटून घ्यायचे, असं त्यांनी ठरवलं. माझं केंद्र तेव्हा अर्धा वेळ बंद असे. त्यांनी माझी वाट पाहिली नाही. मी तरुण स्वयंसेवकांचे ज्येष्ठांसाठीचे मोबाइल वर्ग पाहिले आहेत, चांगली मुलं असतात. पण ती भराभर बटणं दाबून दाखवतात आणि म्हातारा माणूस समजलं म्हणून मान हलवतो. आपल्या वयाच्या माणसाला तोच प्रश्न पाचव्यांदा विचारता येतो, कारण त्याने स्वतः तो सात वेळा विचारलेला असतो.

पेन्शनचं थोडं सांगते, कारण ग्रुपवरची निम्मी बोलणी त्याचीच. या लोकांची पेन्शन ईपीएस-९५ मधली, १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेली. हिशेब असा: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. पण हातात पगार कितीही जास्त असो, हिशेबाला २००१ पासून ६,५०० च धरायचे, आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. म्हणजे १९९५ नंतरची अठरा वर्षं ६,५०० वर मोजली तर महिना सुमारे १,६७१ रुपये होतात. आधीच्या नोकरीचे थोडे वेगळे मिळतात. किमान पेन्शन २०१४ मध्ये हजार रुपये केली. बुलढाण्यात किमान साडेसात हजार आणि महागाई भत्त्यासाठी २०१८ च्या डिसेंबरपासून साखळी उपोषण चालू झालं, तिथे आमच्यातले काही जण जाऊन बसून आले आहेत. या मागणीमुळे "साडेसात हजार मंजूर" असे मेसेज दर दोन महिन्यांनी येतात. एक काका ते वाचून मुलाला फोन करून मोकळे झाले होते की आता पैसे पाठवू नको. तेव्हापासून परिपत्रक असल्याशिवाय "मंजूर" हा शब्द ग्रुपवर टाकायचा नाही, असा नियम आहे.

४ नोव्हेंबर २०२२ ला प्रत्यक्ष पगारावरच्या वाढीव पेन्शनबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. १ सप्टेंबर २०१४ ला नोकरीत असलेल्यांना पर्याय भरायची संधी मिळाली. त्याआधी रिटायर झालेल्या आणि तेव्हा पर्याय न दिलेल्यांना ती मिळाली नाही. म्हणजे एकाच लाइनवरचे दोन मित्र, एक २०१३ ला रिटायर झालेला, एक २०१६ ला. एकाला दार उघडं, दुसऱ्याला बंद. मला भीती होती की ग्रुप फुटणार. शेवटची तारीख सरकत सरकत ११ जुलै २०२३ पर्यंत गेली. ते चार-पाच महिने माझ्या गाळ्यात रोज संध्याकाळी अकाउंट्समधले एक काका येऊन बसत. जुन्या पगाराच्या स्लिपा लावायच्या, पीएफमधून किती रक्कम परत भरावी लागेल याचा अंदाज काढायचा, आणि ज्याचं वय जास्त, तब्येत नाजूक, त्याला स्पष्ट सांगायचं की हे पैसे भरू नकोस, वसूल व्हायला तुला बरीच वर्षं जगावं लागेल. त्या काकांना स्वतःला हा पर्याय नव्हता. ते २०१२ ला रिटायर झालेले. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "हिशेब माझ्या हाताखालून गेलाय ताई. मलाच माहीत आहे कुणाचं काय कापलं."

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

२०२४ च्या दिवाळीनंतर एका सकाळी एकाचा अंगठा आला नाही. हे काका गावठाणाजवळ एकटे राहतात, टूलरूमचे, ग्रुपमधले सगळ्यात नीटनेटके. रिलिव्हरने फोन केला तर सारखा एंगेज. सव्वानऊला त्यांनी किल्लीने दार उघडलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर ताठ बसले होते, समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला. त्यांनी ओठावर बोट ठेवून आत येऊ नका अशी खूण केली. फोनवर पोलिसाच्या कपड्यातला एक माणूस होता. आदल्या संध्याकाळपासून तो त्यांना सांगत होता की तुमच्या आधारवर गुन्हा दाखल झालाय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलं आहे, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. काका रात्रभर त्या खुर्चीवर होते. रिलिव्हरने पुढे होऊन फोन पालथा घातला आणि बंद केला. असा अटकेचा प्रकार कायद्यात नाही, हे आपण सगळे वाचतो. पण रात्रभर जागं ठेवलेल्या एकट्या माणसाला ते कुणी शेजारी बसून सांगावं लागतं.

ते दोघे तडक माझ्याकडे आले. आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, ऑनलाइन तक्रार भरली, बँकेत गेलो. चाळीस हजार रुपये रात्रीच गेलेले. काही रक्कम पुढच्या खात्यात अडकली, बाकीची गेली.

पण मला सांगायचं आहे ते त्यानंतरच्या आठवड्याचं. त्या काकांनी अंगठा टाकणं बंद केलं. रिलिव्हर रोज जाऊन बघून यायचा. काका दारात बसलेले असत, जेवत असत, पण ग्रुपवर काही नाही. मायक्रोमीटरने काम तपासणारा माणूस, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक पकडणारा, आणि मी असा फसलो, एवढंच ते म्हणत. मुलाला सांगितलं नव्हतं. आपल्याला बँकेचे व्यवहार झेपत नाहीत असं मुलगा म्हणेल आणि फोन काढून घेईल, ही भीती.

आठव्या दिवशी रात्री साडेनऊला स्टोअरवाल्या काकांचा व्हॉइस मेसेज आला. त्यांनी टूलरूमच्या काकांचं नावही घेतलं नाही. एवढंच सांगितलं, "दोन वर्षांमागे मला मेसेज आला, आज रात्री वीज तोडणार. मी त्या नंबरवर फोन केला, सांगितलं ते अॅप घेतलं आणि अकरा हजार घालवले. बायकोला अजून सांगितलेलं नाही, आज सांगतो." थोडा वेळ शांततेत गेला. मग फाउंड्रीच्या एका काकांनी त्यांचं सांगितलं, केवायसीच्या नावाने सहा हजार. एकाने पतपेढीत बुडालेली व्हीआरएसची रक्कम सांगितली, ती तर पंधरा वर्षांपूर्वीची. साडेअकरापर्यंत एकामागून एक आवाज येत राहिले. मी अंधारात कानाशी फोन धरून ऐकत होते. या माणसांना मी वर्षानुवर्षं ओळखते. त्यांची आधार कार्डं, पासबुकं, शस्त्रक्रियेची कागदपत्रं माझ्या हातून गेली आहेत. यातलं एकही दुःख मला माहीत नव्हतं. माझ्यासमोर खुर्चीवर बसून ते मला हे कधीच सांगू शकले नसते. सोबत्याचा चेहरा समोर नव्हता, नुसता आवाज होता, आणि तो तीस वर्षं ओळखीचा होता, म्हणून ते सांगता आलं.

सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी टूलरूमच्या काकांचा अंगठा आला.

सुरुवातीला सांगितलेले टर्नर काका २०२२ च्या पावसाळ्यात गेले. त्या रात्री त्यांच्या फोनवर श्रद्धांजलीचे मेसेज सुरू झाले. दोन ग्रुप, तीन-चारशे माणसं. उशाशी ठेवलेला फोन रात्रभर वाजत राहिला आणि काकू त्याच्याकडे बघत बसल्या, हे त्यांच्या सुनेने मला नंतर सांगितलं. स्टोअरवाल्या काकांना हे कळलं तेव्हापासून कुणी गेलं की ग्रुपच्या वतीने एकच मेसेज जातो, तोही सकाळी. आणि गेलेल्याचा नंबर काढायचा नाही.

तेरावं झालं. आणखी आठ दिवसांनी सकाळी सातला टर्नर काकांच्या नावाने, त्यांच्या फेट्यातल्या फोटोशेजारी, अंगठा उमटला. पाच मिनिटं कुणी काही टाकलं नाही. मग स्टोअरवाल्या काकांनी लिहिलं, "हजर. नमस्कार वहिनी."

विधवेला पेन्शन निम्मी मिळते. काकूंचे कागद ग्रुपवाल्यांनीच जमवले: मृत्यूचा दाखला, आधार, पासबुक, पेन्शनचा जुना आदेश म्हणजे पीपीओ. पुढे काकूंनी अशा बायका शोधायला सुरुवात केली, ज्यांच्या नवऱ्याचा नंबर ग्रुपात होता पण फोन कपाटात बंद पडला होता. आज त्या नऊ जणी आहेत. पुरुषांच्या ग्रुपात बोलायला आधी लाजायच्या, आता आवाजात भाजीचे भावही सांगतात. काकू स्वतः दोन जणांच्या रिलिव्हर आहेत.

गेल्या नोव्हेंबरात त्या दाखल्यासाठी आल्या. त्यांनी तीस वर्षं कारखान्यातल्या पोरांना डबे दिले, रोज चाळीस डब्यांच्या भाकऱ्या. तव्याने बोटांची टोकं भाजून कडक झालेली. मी डावी अनामिका लावून पाहिली, ती लागली नाही. आता चेहऱ्यावरूनही दाखला निघतो, म्हणून त्यांना खिडकीशी बसवलं, चष्मा काढायला सांगितला. स्क्रीनवर डोळे मिटून उघडायची सूचना आली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांच्या पापणीची हालचाल मंदावली आहे, तीन वेळा चुकलं. चौथ्यांदा त्यांनी दोन्ही डोळे घट्ट मिटले, उघडले, आणि हिरवं वर्तुळ आलं.

त्यांनी लगेच फोन उचलून बटण दाबून धरलं. "माझा दाखला झाला. बोटावर नाही झाला, तोंडावर झाला. ज्यांचे डोळे झाले असतील त्यांनी डोळे जोरात मिटायचे, हळू मिटून चालत नाही. ताईच्या खिडकीत उजेड चांगला आहे." मग माझ्याकडे वळून पदराच्या गाठीतून दोनशेची नोट काढली आणि एक नंबर सांगितला. त्या ज्यांच्या रिलिव्हर आहेत त्या दोघांपैकी एका काकांचा, एकटे राहणाऱ्या. आज सातला अंगठा आला नाही म्हणून त्या सकाळीच जाऊन आल्या होत्या. काका ठीक होते, अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज काल रात्री संपला होता, एवढंच.

मी रिचार्ज मारला. काकू पाणी पीत बसून राहिल्या, फोन मांडीवर. दहा वाजून चाळीस मिनिटांनी त्या काकांचा अंगठा आला.